खडकीचं काडतूस, इशापूरची रायफल आणि ह्यूस्टनची हवा

पोलिसांच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री आपल्याकडे कुणाला नवीन नाही. गणपतीचा बंदोबस्त, कोर्टाबाहेरचा पहारा, एनसीसीची परेड, कुठेतरी ती पाहिलेली असतेच. घरी बाळगायची मात्र सोय नाही. .३०३ हा भारतात प्रतिबंधित बोअर. परवानाधारकांसाठी बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यानं .३१५ची वेगळी रायफल काढली ती त्यामुळेच. त्यामुळे १९४२ सालची, इशापूरलाच बनलेली ली-एनफील्ड, म्हणजे तीच थ्री नॉट थ्री, टेक्सासमधल्या एका गन शोच्या टेबलावर दिसली तेव्हा मी पुढची टेबलं बघितलीच नाहीत.

दस्त्याच्या पुढच्या लोखंडी कड्यावर मुकुट, त्याखाली ‘जी.आर.आय.’, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट, मग इशापूर, मग साल. ग्रीसचा थर अंगठ्यानं खरवडून हे एकेक अक्षर वाचावं लागलं. फोरएंडमधून, म्हणजे नळीखालच्या लाकडातून, आडवा गेलेला एक जादा स्क्रूही दिसला. तो भारतीय रायफलीची खूण. लाकूड चिरू नये म्हणून आपल्याकडे मारलेला. विकणाऱ्या गृहस्थांनी कागदपत्रं, तपासणी सगळं रीतसर केलं आणि वर सल्ला दिला, “नुसतं तेलाचं फडकं फिरवा, नवीकोरी होईल.” मी मान डोलावली. पोटापाण्यासाठी मी पाइपलाइनच्या गंजाचंच काम करते, त्यामुळे ‘नुसतं तेल’ हे शब्द दिवसातून चारदा ऐकायची सवय आहे.

गाडीतून घरी आणल्यावर आधी बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, ओढून चेंबरमध्ये, काडतूस बसतं त्या पोकळीत, करंगळी घातली. टेबलावर पाहिलं होतं, विकणाऱ्यानंही दाखवलं होतं, तरी घातली. पुण्यात एनसीसीच्या उस्तादांनी हे इतकं घोटून घेतलं होतं की रिकामी रायफलही रिकामी आहे हे स्वतःच्या बोटाला कळल्याशिवाय मला तिच्याजवळ स्क्रूड्रायव्हर नेववत नाही.

खोलायला घेण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती न कळल्यानं शेकड्यानं जुन्या लाकडांचा बळी गेला असेल. या रायफलीचा दस्ता एका लांब, स्क्रूसारख्या बोल्टनं बसवलेला असतो (सरकता बोल्ट तो वेगळा). मागची पितळी पट्टी उघडून आत लांब स्क्रूड्रायव्हर घातला की तो हाताला लागतो, आणि हात शिवशिवतातच. पण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या मागच्या बाजूच्या एका लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना हा बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक लाकूड आतून फाडतं. आवाज येतो, आणि मग काही करता येत नाही. म्हणून क्रम असा: आधी नळीच्या तोंडाची नोजकॅप, मग पट्ट्याचं कडं, मग ट्रिगर गार्ड, मग फोरएंड सरळ खाली काढायचं, आणि दस्त्याला हात लावायचाच असेल तर त्यानंतर. मी लावला नाही. घट्ट बसलेला दस्ता सोडवण्यात काय हशील आहे? ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू निघाला की त्याच्या भोकात एक छोटी लोखंडी बांगडी असते. ती गॅरेजच्या फरशीवर टुणकन उडून कपाटाखाली जाते. मी खाली जुनी चादर अंथरली होती.

ग्रीसचं म्हणाल तर त्यात रहस्य काही नाही, फक्त घाण आहे. गोदामात वर्षानुवर्षं टिकावं म्हणून चोपडलेलं ते पेट्रोलियमचं मेण. वाळलं की तपकिरी गुळासारखं चिवट होतं. सुटे लोखंडी भाग मी जुन्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडले. मेण वर तरंगलं, भाग खाली राहिले, आणि गरम असतानाच बाहेर काढल्यावर ते आपल्या उष्णतेनं सुकले. नळीसाठी मिनरल स्पिरिट आणि ब्रश. पातेलं आता गॅरेजचं झालं आहे, ते स्वयंपाकघरात परत घ्यायला नवऱ्यानं ठाम नकार दिला.

लाकडातलं ग्रीस वेगळं. ते वर नसतं, आत मुरलेलं असतं. त्यावर ह्यूस्टनचा ऑगस्ट हा उत्तम उपाय. लाकूड वर्तमानपत्रात गुंडाळलं, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घातलं आणि उन्हात उभ्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. संध्याकाळी कागद तेलानं पारदर्शक झालेला. कागद बदलायचा, पुन्हा ठेवायचं, कागद कोरडा निघेपर्यंत. गाडीला तो वास अजून आहे. पॉलिश पेपर मात्र मी घरातून बाहेर आणलाच नाही. लाकडावर आर्मररचे, म्हणजे फौजेतल्या शस्त्र-दुरुस्ती कारागिराचे, शिक्के असतात, कुणीतरी खिळ्यानं कोरलेला रॅकचा नंबर असतो. एकदा घासलं की गेलं. इंटरनेटवर चकचकीत, मधाच्या रंगाची केलेली लाकडं बघून मला वाईटच वाटतं. कोरडं झाल्यावर कच्च्या जवसाच्या तेलाचे हात दिले, एकेक थेंब तळहातावर घेऊन, लाकूड कोमट होईपर्यंत चोळून. तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि बंद ढिगातला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी ते अंगणात दगडाखाली पसरून वाळवले.

आता गंज. वरून रायफल बरी दिसत होती. फोरएंड काढल्यावर खरी कथा कळली. लाकडानं झाकलेल्या भागात, नळीच्या खालच्या बाजूला, नोजकॅपच्या जरा अलीकडे तळहाताएवढा लाल पट्टा. पाऊस वा घाम नोजकॅपमधून आत झिरपत असणार, लाकूड तो धरून ठेवत असणार, आणि वरून फडकं मारणाऱ्याला पत्ताच नसणार. आमच्या पाइपलाइनचंही हेच. उघडा पाइप कधीच दगा देत नाही, दगा देतो तो इन्सुलेशनखालचा.

गंज जिवंत आहे का मेलेला, हे आधी बघावं. पांढरी चिंधी तेलात बुडवून घासायची. चिंधी केशरी झाली तर काम चालू आहे, तपकिरी-काळी झाली तर फार घाई नाही. माझी चिंधी भगवी निघाली. चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल भरपूर तेलात भिजवून मी हलक्या हातानं फिरवली. जिथे पापुद्रा घट्ट होता तिथे १९८२च्या आधीचं एक सेंटचं नाणं. ते ९५ टक्के तांब्याचं असतं, पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज खरवडतं आणि धातूला ओरखडा पाडत नाही. व्हिनेगर, लिंबू आणि बाजारातली गंज विरघळवणारी औषधं या कामाला नकोत. ती गंजाबरोबर ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला काळा थरही नेतात, कारण ब्लूइंग हाही लोहाचा एक ऑक्साइडच आहे आणि आम्लाला त्यातला फरक कळत नाही.

लाल निघून गेल्यावर खाली खड्डे उरले, टाचणीच्या डोक्याएवढे. ते तसेच आहेत. लाकडाखाली काही ठिकाणी नंतरच्या दुरुस्तीतला काळा रंगही होता, तोही ठेवला. कुणी म्हणतं मूळ रूप आणावं. पण १९४२चं रूप मूळ आणि नंतरच्या आर्मररनं गंज टाळायला मारलेला रंग तेवढा खोटा, हे मला पटत नाही. लाकडाखाली जाणाऱ्या सगळ्या धातूवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला. तिथे तेल उपयोगाचं नाही, ते वाहून जातं आणि लाकूड पिऊन टाकतं.

नळी आतून काळी होती, पण गोळीला फिरकी देणाऱ्या पाच खाचांच्या कडा शाबूत. मागून, बोल्टच्या वाटेनं गज घालता येतो हे या रायफलीचं मोठं सुख. तोंडाकडून गज किंवा दोरी घासली की तोंडाची कड एका बाजूला झिजते, आणि गोळी तिथूनच सुटत असल्यामुळे नेम तिथेच बिघडतो. नंतर गनस्मिथकडे नेऊन हेडस्पेस, म्हणजे मिटलेला बोल्ट आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतलं अंतर, तपासून घेतलं. ०.०७४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला नाही, म्हणजे ठीक. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबरही एकच निघाला. गोदामांत हे बोल्ट सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे ही तपासणी टाळून कुणी गोळी झाडू नये. ‘डी.पी.’, म्हणजे ड्रिल पर्पज, असा शिक्का असलेली रायफल तर कवायतीपुरतीच.

इथवर सगळं झाल्यावर त्याच गन शोमधल्या दुसऱ्या एका टेबलावरून घेतलेलं काडतुसांचं पाकीट उघडलं. तळावर ‘केएफ’, खाली साल, पन्नासच्या दशकातलं, आणि ‘७’, म्हणजे मार्क सात, या काडतुसाचा नमुना. केएफ म्हणजे खडकी फॅक्टरी. १८६९ पासूनचा तो कारखाना, ज्याच्या भोंग्यावर आमच्या आजीचा कुकर चढायचा. माझ्या मामाची सगळी नोकरी तिथे गेली. त्याला फोन लावला.

“मामा, केएफचा राउंड मिळालाय मला. थ्री नॉट थ्रीचा.”

“खडकीचा? तिकडे टेक्सासात?” मग बराच वेळ काही नाही. “आणि तू तो उडवणार?”

“हो, थोडे.”

“मग तेलबिल नंतर. आधी पाणी घाल नळीत. उकळतं. आणि ठिणगी उशिरा पडली तर लगेच बोल्ट उघडू नकोस, कळलं का? अगं, जुना माल आहे तो.”

पाणी. लोखंड पाण्यानं गंजतं हे शाळेतलं पोर सांगेल, आणि इथे एक निवृत्त माणूस पोलादाच्या नळीत पाणी ओतायला सांगत होता. त्याचं कारण काडतुसाच्या टोपीत, म्हणजे तळातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागात, आहे. जुन्या लष्करी टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, आगकाडीच्या गुलात असतं तेच. गोदामात वर्षानुवर्षं टिकतं, थंडीत-उन्हात खात्रीनं पेटतं, म्हणून सैन्यं त्याला चिकटून राहिली. पण पेटल्यावर त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे राहतं पोटॅशियम क्लोराइड. शुद्ध मीठ, आपल्या मिठाचं सख्खं भावंड. गोळीमागोमाग ते नळीभर पसरतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे होतं तेच मग नळीत होतं. हवेची आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि ह्यूस्टनची सकाळ वर्षातले बहुतेक दिवस नव्वदीच्या आसपास असते. त्या खारट थेंबातला क्लोराइड पोलादात बारीक खड्डे पाडत जातो. मीठ तेलात विरघळत नाही. तेल त्याच्यावरून पांघरूण घालतं, एवढंच. पाण्यात मात्र ते क्षणात जातं.

हे मला कागदावर माहीत होतं, तरी बघायची हौस होती. म्हणून पुढे रेंजवर खडकीच्या गोळ्या झाडल्यावर नळीतून काढलेली पहिली काळी चिंधी मी फेकली नाही. घरी साध्या पोलादाची एक पट्टी घासून चकचकीत केली, तिच्या दोन्ही अर्ध्यांवर ती चिंधी दाबली. एक अर्धा तेलाच्या फडक्यानं पुसला. दुसरा गरम पाण्यानं धुतला, सुकवला, मग तेल लावलं. पट्टी गॅरेजमध्ये उघडी ठेवली. आठवडा संपायच्या आत तेलाच्या बाजूवर केशरी ठिपके उमटले होते, थेट चिंधीच्या विणीच्या आकारात. धुतलेली बाजू स्वच्छ. ती पट्टी मी ऑफिसात टेबलावर ठेवली आहे. ‘नुसतं तेल’ म्हणणाऱ्याच्या हातात देते.

रेंजवर खडकीचे थोडेच राउंड झाडले, बाकी नव्या बनावटीचे. या काडतुसात दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब काड्या, खूपशी निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कारखान्यातली असणार. १९०३चा तो कारखाना खास कॉर्डाइटसाठीच काढलेला. गोळी १७४ ग्रेनची, तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनिअम, म्हणजे वजन मागे राहतं. पहिले दोन सरळ उडाले. तिसऱ्याला ‘खट्’ झालं, आणि मग एका श्वासाएवढ्या अंतरानं ‘धाड’. मामा म्हणाला होता ते हेच. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून ठेवायची आणि निदान अर्धा मिनिट बोल्टला हात लावायचा नाही. उघडलेल्या चेंबरमध्ये ते काडतूस पेटलं तर हात, डोळे काही राहत नाही. शेजारच्या बाकावरचे आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, “इंडियन?” मी म्हटलं, “दोघंही.” त्यांनी स्वतःच्या काळात अशी पुष्कळ काडतुसं झाडली होती म्हणे.

घरी जायची वाट बघायची नाही, नळी तिथेच धुवायची. मी थर्मासमधून उकळतं पाणी नेलं होतं. ब्रिटिश फौजेत याच कामाला वाकड्या नळीचं खास नरसाळं असायचं, म्हणजे पाणी चेंबरमधून थेट नळीत जातं, लाकडात सांडत नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातलं नरसाळं आणि प्लास्टिकच्या नळीचा तुकडा वापरला. नळीचं तोंड बादलीत, वरून संथ धार. पहिलं पाणी राखाडी येतं, मग पिवळट, मग स्वच्छ. हाताला नळी गरम लागू लागली की आतलं पाणी आपोआप सुकतं, तेच हवं असतं. रेंजवर काहीजण काच पुसायचं अमोनियाचं निळं द्रव फवारतात आणि त्याचं कौतुक अमोनियाला देतात. मीठ नेतं ते त्यातलं पाणी. अमोनियाचं काम निराळं, नळीत घासून बसलेलं तांबं काढणं. ते निघतंय हे चिंधी निळी झाली की कळतं. पाणी झाल्यावर मग ती रोजची एनसीसीची कवायत: ४ बाय २ इंचाची चिंधी कोरड्यासाठी, तेलाला ४ बाय दीडची, म्हणजे ती सैल बसते आणि तेल पिळून निघत नाही.

नळी धुतली की लोक उठतात. बोल्टचा चेहरा, पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची खाच, चेंबरच्या समोरचा कोपरा, मॅगझिनचे ओठ, हे सगळं टोपीतल्या धुरात न्हालेलं असतं. एक्स्ट्रॅक्टरखाली मी कापूस गुंडाळलेली काडी घातली तर ती काजळासारखी काळी आली. बोल्ट मी सगळा गरम पाण्यात बुचकळला, हवेच्या नळीनं फुंकला आणि तेलात बुडवून काढला. तोंडाजवळची पुढची माशी आणि तिचा तळ विसरायचा नाही.

त्या रात्री नळीतून एक चिंधी, दुसऱ्या दिवशी एक, आठवड्यानं आणखी एक. तिन्ही वेळा केशरी काही नाही तेव्हाच मी निश्चिंत झाले. काडतूस कुठलं, टोपी कसली याची खात्री नसेल तर मी ते खारटच धरते. पाण्याला पैसे पडत नाहीत.

ठेवण्याबद्दल थोडं. रायफलीबरोबर आलेली आतून फोम लावलेली ऐटदार पेटी मी पहिल्या आठवड्यात देऊन टाकली. फोम ओलावा धरून ठेवतो आणि धातूला गालाला गाल लावून बसतो. चामड्याच्या पट्ट्यासकट ठेवणंही बरं नाही, कातडं कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला सोसत नाहीत. लोखंडी कपाट, आत लहानशी उष्णतेची दांडी, आर्द्रता मोजायचं यंत्र, आणि आकडा ५० टक्क्यांच्या खाली. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत. रायफल तोंड किंचित खाली करून ठेवते, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. आणि कुणी पाहुण्यानं हौसेनं हातात घेतली, घेतातच, की ते गेल्यावर जिथे जिथे बोटं लागली तिथे फडकं. काहींच्या हाताचा घाम इतका खारा असतो की दोन दिवसांत ठसा उमटतो. आमच्याकडचे एक दीर त्यातले.

मामाला खडकीची एक रिकामी पुंगळी हवी होती, काचेच्या कपाटात ठेवायला. सामानात पुंगळी घेऊन मुंबई विमानतळावर उतरायची आणि मग ती रिकामीच आहे हे चार टेबलांवर पटवत बसायची माझी तयारी नव्हती. तिच्या तळाचा जवळून फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: “७ अर्धाच उमटलाय. डाय झिजलेली दिसते. हे पास कुणी केलं?”